इंजिन सर्वांत शेवटी

१९४० साली अमेरिकन लष्कराला चारही चाकांनी ओढणारी एक छोटी, हलकी गाडी हवी होती. स्पर्धेत बॅन्टम, विलिस आणि फोर्ड या तीन कंपन्या उरल्या. बॅन्टम आणि फोर्डच्या नमुन्यांत साधारण ४५ हॉर्सपॉवरची इंजिनं होती. विलिसकडे २.२ लिटरचं ‘गो डेव्हिल’ होतं. मुळात ४८ हॉर्सपॉवरचं हे इंजिन कंपनीचे मुख्य अभियंते डेल्मर रूस यांनी मेहनतीने ६० पर्यंत नेलं होतं. अडचण एकच होती, वजनाची. लष्कराने घातलेली मर्यादा होती २,१६० पौंड, म्हणजे ९८० किलो, आणि विलिसची गाडी तिच्या बरीच वर जात होती. हलकं इंजिन बसवून प्रश्न सुटला असता. रूस यांनी इंजिन तसंच ठेवलं आणि बाकीच्या गाडीचं वजन उतरवायला घेतलं. बोल्टचं जादा टोक कापलं, पत्रा पातळ केला, रंगाच्या थराचासुद्धा हिशेब केला. १९४१ मध्ये विलिसची निवड झाली.

जीपचं इंजिन बदलायला निघालेले लोक ही गोष्ट आवडीने सांगतात आणि तिचा अर्थ लावतात की जोरदार इंजिन असलं की झालं. तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. तिन्ही कंपन्यांच्या नमुन्यांखाली एक्सल आणि ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी ट्रान्सफर केस स्पायसर या एकाच कंपनीचे होते. चाकापासून मागे येत येत गिअरबॉक्सपर्यंतची साखळी जवळपास ठरलेली होती. ती ठरल्यावर तिला साजेसं, तिला न तोडणारं आणि दिवसभर दम धरणारं इंजिन कोणाकडे आहे एवढंच पाहायचं राहिलं. जुन्या जीपचं इंजिन आणि ड्राइव्हलाइन बदलायची असेल तर आजही हाच क्रम ठेवावा असं माझं ठाम मत आहे. टायरपासून सुरुवात करावी आणि इंजिन सर्वांत शेवटी ठरवावं.

आपल्याकडे ‘जुनी जीप’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती महिंद्राची. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या या कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल इथे इतकं रुजलं की अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झाल्यावरही आपल्याकडे वर्षानुवर्षं बनत राहिलं. कलेक्टर, वनखातं, पोलीस, पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, सगळ्यांच्या दारात ती उभी असायची. त्यांतल्या कितीतरी गाड्या आज सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना गोठ्यात, खळ्यावर, वाड्याच्या पडवीत उभ्या आहेत. नातू नोकरीला लागतो, हातात पैसे येतात, आणि आजोबांची गाडी रस्त्यावर आणायची ठरते. पहिला प्रश्न हमखास येतो, “हिच्यात कोणतं इंजिन बसेल?”

हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू.

सीजे-३बीचं नाक इतर जीपपेक्षा उंच का, हे अनेकांना ठाऊक नसतं. विलिसने गो डेव्हिलचीच सुधारित आवृत्ती ‘हरिकेन’ या नावाने काढली. गो डेव्हिलमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असायचे. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, एक्झॉस्ट खालीच राहिला. त्यामुळे हवा मोकळेपणाने आत येऊ लागली, ताकद ६० वरून सुमारे ७२ हॉर्सपॉवरवर गेली आणि इंजिनाची उंचीही वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ मध्ये बॉनेटच उंच केलं. ज्या चेहऱ्यावर आपण जीव टाकतो तो चेहरा एका इंजिन-बदलाने घडवलेला आहे. सीजे-३बीतलं ‘मूळ इंजिन’ हीच कंपनीने केलेली सुधारणा होती.

आता आकडे. सीजे-३बीचा गिअरबॉक्स टी-९०, तीन गिअरचा. पहिला गिअर २.७९८. मागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस, तिचा लो २.४६. एक्सलमध्ये क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७ येतो. याचा अर्थ, फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकं आणि लो लावून, पहिला गिअर टाकला की इंजिनाचे ३७ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक, आणि इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत जाताना तेवढ्याच पटीने वाढतो. हरिकेनचा टॉर्क ११४ फूट-पौंड, म्हणजे साधारण १५५ न्यूटन-मीटर. त्याला ३७ ने गुणलं की ५,७०० च्या वर जातं. दातऱ्यांच्या घर्षणात, तेलात आणि सांध्यांत पाचवा हिस्सा गेला असं धरलं तरी चाकांवर साडेचार हजारांच्या आसपास उरतात.

आता दुसऱ्या टोकाकडून बघा. गाडी माणसं आणि सामानासकट दीड टनाची धरू. ६.००-१६ टायरचा व्यास साधारण ७२ सेंटीमीटर. कोरड्या, कडक मुरमावर चांगली पकड मिळाली तरी चारही टायर मिळून जमिनीला ३,७०० न्यूटन-मीटरच्या आसपासच टॉर्क देऊ शकतात. त्यापुढे चाकं घसरतात. पावसाळ्यात मावळातल्या चिखलात ही पकड निम्म्याहून खाली येते.

या दोन आकड्यांकडे थांबून पाहण्यासारखं आहे. सत्तर-बहात्तर हॉर्सपॉवरचं ते जुनं पेट्रोल इंजिन फोर-लोमध्ये टायरला झेपणार नाही इतका टॉर्क आजही देतं. चढावर, खडकात, नदीच्या पात्रात जीप अडकते तेव्हा इंजिन कमी पडलेलं नसतं. कमी पडते टायरची पकड, किंवा एक चाक हवेत गेल्यावर डिफ्रन्शिअल सगळे फेरे त्या मोकळ्या चाकाकडे वळवतं. अशा वेळी ३०० न्यूटन-मीटरचं परदेशी डिझेल बसवलेलं असतं तर ते हवेतलं चाक जास्त जोरात फिरलं असतं, एवढंच. ऑफ-रोडसाठी ताकद हवी म्हणून इंजिन बदलणाऱ्याने हा गुणाकार आपल्या गाडीसाठी एकदा कागदावर करावा. माझ्या अनुभवात, तो केल्यावर निम्मी मंडळी इंजिनाचा विषय सोडून टायर आणि डिफ्रन्शिअल लॉकरच्या चौकशीला लागतात.

मग जुन्या जीपला खरोखर काय कमी पडतं? वेग. तोही ढाब्यावरून ढाब्यावर जाण्यापुरता. टॉपमध्ये गिअरबॉक्स सरळ, म्हणजे १:१. एक्सल ५.३८. ७२ सेंटीमीटरचं चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटर जातं. हिशेब केला तर इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना गाडीचा वेग येतो ताशी ७५ किलोमीटर. लांब स्ट्रोकचं हे इंजिन तीन हजारांवर तासन्‌तास फिरायला नाखूश असतं. कानाला ते कळतं, पायाखालच्या पत्र्याला कळतं, आणि शेजारून ट्रक हॉर्न वाजवत निघून जातो. मुंबईहून नाशिकला जाणाऱ्या माणसाचं दुःख हे असतं, आणि ते इंजिनापेक्षा गिअरचं दुःख आहे.

म्हणून पहिला निर्णय एक्सलचा. आपल्या गाडीत कोणतं गुणोत्तर आहे हे आधी मोजून घ्यावं, कारण चाळीस वर्षांत कोणी काय बदललं याची नोंद कुठेच नसते. पद्धत सोपी आहे. चाकांखाली दगड लावायचे, गिअर न्यूट्रलला ठेवायचा, मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारायची. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं जास्त आलं तर ५.३८. पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८. सव्वाचार आले तर ४.२७. झाकण उघडलंच तर दात मोजावेत. क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७. हेच काम पुढच्या एक्सलवरही करायचं. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत ज्यांच्या मागे एक आणि पुढे दुसरंच गुणोत्तर होतं. मालकाला पत्ता नव्हता, कारण फोर बाय फोर त्याने कधी लावलंच नव्हतं. तसं लावून कडक रस्त्यावर दहा किलोमीटर गेला असता तर ट्रान्सफरचे दात हातात आले असते.

एक्सलचं गुणोत्तर खाली आणलं की हायवेचा वेग वाढतो, पण फोर-लोचा गुणाकारही घटतो. ५.३८ च्या जागी ४.२७ बसवलं तर ३,००० फेऱ्यांवर ७५ च्या जागी ९५ चा वेग मिळतो, आणि ३७ चा आकडा २९ वर येतो. डोंगरात जाणाऱ्याला हा सौदा परवडत नाही. उतारावर गाडी इंजिनाच्या ब्रेकवर सावकाश उतरायला हवी, आणि तिथे प्रत्येक दात कामाचा असतो.

यातून सुटायची वाट गिअरबॉक्समध्ये आहे, म्हणून दुसरा निर्णय गिअरबॉक्सचा. पहिला गिअर ४ च्या आसपास आणि पाचवा ०.८ च्या आसपास असलेला पाच गिअरचा बॉक्स घ्या. एक्सल ५.३८ तसाच ठेवा. पाचव्यात ३,००० फेऱ्यांवर गाडी ९० च्या पुढे जाते. फोर-लोमधला गुणाकार ३७ वरून ५३ च्या आसपास चढतो. म्हणजे इंजिनाला हात न लावता गाडी हायवेवर जास्त वेगाने आणि डोंगरात जास्त सावकाश चालायला लागते. एका बदलात दोन्ही टोकं सुधारतात असा दुसरा उपाय जुन्या जीपवर मला माहीत नाही. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते इथे घालावेत.

अडचण जोडणीची आहे. स्पायसर १८ चा मागचा आणि पुढचा आउटपुट गाडीच्या मध्यरेषेवर नसून एका अंगाला असतो, म्हणून जुन्या जीपची दोन्ही डिफ्रन्शिअल त्याच अंगाला सरकवलेली दिसतात. बोलेरो किंवा थारचा पाच गिअरचा बॉक्स त्याच्या स्वतःच्या ट्रान्सफरसकट उचलून आणला तर आउटपुटची जागा बदलते आणि मग एक्सलही बदलावे लागतात. जुनी स्पायसर १८ ठेवायची तर मध्ये अडॅप्टर लागतो, आणि अडॅप्टरमुळे लांबी वाढते. सीजे-३बीचा व्हीलबेस ८० इंच. मागचा प्रोपेलर शाफ्ट मुळातच आखूड. ट्रान्सफर दोन-तीन इंच मागे गेली की तो आणखी आखूड होतो आणि जास्त तिरका उभा राहतो. त्यातून पाटे उंच केलेले असले तर क्रॉस-जॉइंट महिन्याभरात बोलायला लागतो. शाफ्ट कापून वेल्ड करताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आले पाहिजेत. ते जरा फिरले तर गाडी ६० च्या पुढे थरथरत राहते आणि मालक चाकांचं बॅलन्सिंग करून करून थकतो.

ज्यांना एवढी कापाकापी नको त्यांच्यासाठी जुना आणि देखणा उपाय आहे, ओव्हरड्राइव्ह. स्पायसर १८ च्या पाठीमागे पॉवर टेक-ऑफसाठी एक तोंड असतं. थ्रेशर किंवा पंप चालवण्यासाठी ठेवलेलं. अमेरिकेत वॉर्न कंपनीने त्या तोंडात बसणारं ओव्हरड्राइव्ह बनवलं होतं. ते इंजिनाचे फेरे चौथ्या हिश्शाने कमी करतं. ७५ चा वेग सरळ १०० होतो, शाफ्टची लांबी बदलत नाही, चेसिसला एकही भोक पडत नाही आणि हवं तेव्हा काढून ठेवता येतं. महाग पडतं, बाहेरून मागवावं लागतं, तरी मूळ रूप जपायचं असलेल्या गाडीसाठी याहून चांगली गोष्ट नाही.

तिसरा निर्णय ब्रेकचा. त्याला इंजिनाच्या आधी जागा देतो याचं कारण साधं आहे. सीजे-३बीचे मूळ ब्रेक ९ इंची ड्रमचे, चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर. एक नळी फुटली की पेडल खालपर्यंत जातं आणि चारही चाकं मोकळी. ताशी ७० वरून १०० वर गेलं की गाडीतली गतिज ऊर्जा दुप्पट होते, आणि ती सगळी त्या चार ड्रमांना गिळावी लागते. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, पुढे डिस्क किंवा मोठे ड्रम, आणि स्टिअरिंगच्या सांध्यांतला खेळ काढणं, हे झाल्याशिवाय वेग वाढवणारं कोणतंही काम सुरू करू नये. जो गॅरेजवाला आधी इंजिन उतरवतो आणि ब्रेकचं ‘नंतर बघू’ म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत आणावी.

आता इंजिन.

आपल्याकडे जीपच्या पेट्रोल इंजिनाची जागा डिझेलने फार पूर्वी घेतली, आणि ती दोन घराण्यांतून आली. त्यांचा स्वभाव कळला तर निवड सोपी होते. पहिलं घराणं ट्रॅक्टरचं. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, आणि त्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या डिझेलची वंशावळ पुढे जीपमध्ये उतरली. त्यातल्या एमडीआय २५०० या इंजिनाचं माप बघा. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. इंचात मांडलं तर बरोबर साडेतीन आणि चार. शेतातल्या इंजिनाची इंची मापं महिंद्राच्या कमांडर आणि बोलेरोच्या बॉनेटखाली आली. लांब स्ट्रोक, थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणारी रचना, खालच्या फेऱ्यांवर भरपूर ओढ, डिझेलला कमी. मोबदल्यात आवाज, थरथर आणि वरच्या फेऱ्यांचा कंटाळा.

दुसरं घराणं प्यूजोचं. एक्सडीपी ४.९० या नावातच त्याची ओळख आहे, सिलिंडर ४ आणि बोअर ९० मिलिमीटर. स्ट्रोक ८३ चाच. क्षमता २,११२ घन सेंटीमीटर, ताकद सुमारे ६२ हॉर्सपॉवर. मोटारगाडीसाठी घडवलेलं, प्री-चेंबरचं, वर फिरायला तयार असलेलं इंजिन. महिंद्राने ते परवान्यावर इगतपुरीत बनवलं, आणि एमएम-५४० जीपची बरीचशी कीर्ती त्याच्यामुळे झाली. थंडीत सकाळी ग्लो प्लग तापू द्यावे लागतात, एखादा प्लग गेला की गाडी सुरू व्हायला कुरकुरते. पण घाटात तिसऱ्यावर चढताना या इंजिनाचा सूर मोकळा असतो, दबलेला वाटत नाही.

इथे पहिल्या दोन निर्णयांचं महत्त्व कळतं. एमडीआयसारखं खालच्या फेऱ्यांवर ओढणारं इंजिन ५.३८ एक्सल आणि तीन गिअरच्या बॉक्सवर बसवलं तर ७०-७५ ला ते आपल्या मर्यादेजवळ ओरडत राहतं. मालक म्हणतो, इंजिन खराब निघालं. इंजिन ठणठणीत असतं, त्याच्या मागची साखळी दुसऱ्या स्वभावाच्या इंजिनासाठी बनवलेली असते. तेच इंजिन ४.२७ किंवा पाचव्या गिअरसोबत द्या, आणि ते दिवसभर शांतपणे ८० ला चालेल. एक्सडीपीला ४.८८ सुद्धा मानवतं, कारण ते वरच्या फेऱ्यांत सुखी असतं.

कंपन्यांनी स्वतः इंजिन बदललं तेव्हा त्यांनीही असंच केलं. अमेरिकेत जीप बनवणाऱ्या कायझर कंपनीने १९६५ मध्ये सीजे-५ मॉडेलमध्ये ब्यूकचं दीडशेहून जास्त हॉर्सपॉवरचं व्ही-६ बसवलं, तेव्हा सोबत गिअरबॉक्स बदलला आणि एक्सलचं गुणोत्तर ३.७३ वर आणलं.   कारखान्यातले इंजिनिअर इंजिन एकटं सहसा बदलत नाहीत.

परदेशातून अर्ध्या कापून आणलेल्या गाड्यांच्या, म्हणजे ‘हाफ-कट’ इंजिनांचा मोह मोठा आहे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात टोयोटा, निसान, इसुझूची डिझेल इंजिनं गिअरबॉक्ससकट मिळतात, चालवूनही दाखवतात. इंजिनं उत्तम असतात यात शंका नाही. माझा आक्षेप सुट्या भागांबद्दल आहे. हेड गॅस्केट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट या चार वस्तू तुमच्या तालुक्याच्या गावी दुपारपर्यंत मिळतील का, हे विचारून बघा. एमडीआयच्या मिळतात. एक्सडीपीच्या जिल्ह्याच्या गावी मिळतात. हाफ-कटच्या मुंबईहून कुरिअरने येतात, त्याही मॉडेल नंबर बरोबर सांगितला तर. जीप जिथे बंद पडते तिथे कुरिअर पोहोचत नाही.

नव्या कॉमन-रेल इंजिनांचंही तसंच. १०० हॉर्सपॉवर सहज, धूर नाही, आवाज कमी. पण त्यासोबत ईसीयू, पूर्ण वायरिंग हार्नेस, इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटर आणि डझनभर सेन्सर येतात. सगळं एका दात्या गाडीतून, एकही वायर न तोडता, आणावं लागतं. जुन्या जीपला दारं नाहीत, छत कापडाचं आणि बॉनेटच्या फटींतून पाणी आत येतं. कोकणातल्या एका पावसात त्या कनेक्टरांची काय अवस्था होते ते मी पाहिलं आहे. यांत्रिक पंपाच्या डिझेलला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते. नदी ओलांडायच्या गाडीसाठी हा गुण मला ४० हॉर्सपॉवरपेक्षा मोठा वाटतो.

जास्त टॉर्कच्या इंजिनाने काय तुटतं, तेही आधीच माहीत असावं. साखळीतली सर्वांत कमकुवत कडी आधी जाते, आणि जुन्या जीपमध्ये ती बहुधा टी-९० गिअरबॉक्स, नाहीतर मागच्या एक्सलचा शाफ्ट. स्पायसरच्या रचनाकारांना हे कळत होतं. म्हणूनच मूळ ट्रान्सफरमध्ये पुढचा एक्सल लावल्याशिवाय लो लागत नाही, जेणेकरून सगळा वाढलेला टॉर्क एकट्या मागच्या शाफ्टवर पडू नये. हा अटकाव काढून ‘टू-लो’ करून देणारे मिस्त्री आहेत. वळणावर सोपं जातं म्हणून लोक करून घेतात. मोठ्या इंजिनाच्या गाडीत ते करू नये.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घरचे असतील तर सगळं काम एका तुकड्यावर येऊन ठरतं, अडॅप्टर प्लेट. चांगला मिस्त्री ती कशी बसवतो हे एकदा जवळून बघावं. बेल हाउसिंग ब्लॉकवर कसलेली असते, गिअरबॉक्स अजून बाजूला. फ्लायव्हीलवर तो चुंबकाच्या स्टँडने डायल गेज लावतो आणि गेजची सुई बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवतो. मग क्रँक हाताने, पान्याने, सावकाश एक पूर्ण फेरा फिरवतो. सुई मागे-पुढे सरकते ती क्रँकचा आणि गिअरबॉक्सचा मध्य जुळत नाही म्हणून. सरकणं मिलिमीटरच्या दोन दशांशापर्यंत चालतं. जास्त असेल तर तो प्लेट काढतो, डॉवेल पिन बदलतो, पुन्हा बसवतो, पुन्हा फिरवतो. यात अर्धा दिवस जातो. ज्या गॅरेजमध्ये हा अर्धा दिवस वाचवला जातो तिथल्या गाड्यांची पायलट बेअरिंग वर्षभरात ओरडते, गिअर सुटून न्यूट्रलला येतो आणि क्लच प्लेटचा मधला भाग फुटतो. गॅरेज निवडताना मी आधी डायल गेज कुठे आहे ते विचारतो. गेज असेल आणि त्यावर धूळ नसेल तर पुढचं बोलणं करतो.

थंड ठेवण्याची व्यवस्था, इंजिन माउंटिंग, एक्झॉस्टची वाट, पुढच्या पाट्यांवर वाढलेलं वजन, हे सगळं इंजिन ठरल्यावर येतं आणि कुठलाही अनुभवी मिस्त्री ते सांभाळतो. फक्त रेडिएटर मोठा घ्यावा. एप्रिलमध्ये कसारा घाट चढताना वाचवलेले दोन हजार रुपये आठवत नाहीत.

कायद्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण गॅरेजमध्ये ‘सगळे करतात’ हे उत्तर मिळतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध केलेल्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबर तपासते. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते, पण तिचं चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असलं पाहिजे. आज १९७० च्या सीजे-३बीतून हरिकेन उतरवून भंगारात टाकलं की तो दरवाजा बंद होतो.

म्हणून माझा सल्ला असा. गाडी ५० वर्षांची झाली असेल आणि तिचं मूळ पेट्रोल इंजिन जागेवर असेल, तर ते उतरवू नका. बोअर करून, नवे पिस्टन-रिंग आणि व्हॉल्व्ह घालून, कार्ब्युरेटर नीट करून तेच उभं करा. ब्रेक सुधारा, ओव्हरड्राइव्ह मिळालं तर लावा. गाडी मुळातच डिझेलची असेल, तर त्याच घराण्याचं डिझेल परवानगी घेऊन चांगलं बांधून घ्या आणि उरलेले सगळे पैसे पाच गिअरच्या बॉक्सवर घाला. दोन्ही बाबतींत आधी खडू, जॅक आणि कागद घ्या, टायरचा घेर मोजा, एक्सलचे फेरे मोजा, गुणाकार मांडा आणि तो कागद घेऊन मिस्त्रीकडे जा. जुनं इंजिन काही कारणाने उतरवावंच लागलं तर ते विकू नका. तेल घालून, तोंडं बंद करून, कोरड्या जागी ठेवा. पुढच्या मालकाला ते लागणार आहे.